झोपेतले दचके, अंगावरचे शहारे, वाकडी मान: लहान मुलांमधील तात्पुरते हालचालींचे विकार

रात्रीची वेळ. तीन आठवड्यांचे बाळ दूध पिऊन पाळण्यात झोपलेले असते. अचानक त्याचे दोन्ही हात झटके देऊ लागतात. दोन-तीन झटके, थोडी उसंत, पुन्हा तीन-चार. आई घाबरून हात घट्ट धरते, तरी झटके थांबत नाहीत. आजी म्हणते, "आकडी आली गं!" कोणी कांदा फोडायला धावते, कोणी मीठ-मोहरी ओवाळायला. या गडबडीत बाळ जागे होते, टकमका बघू लागते आणि झटके तिथेच थांबतात.

बहुतेक वेळा ही आकडी नसते. बाळाच्या वाढीतला तो एक टप्पा असतो आणि काही महिन्यांत आपोआप संपतो. मात्र दिसायला तितक्याच साध्या वाटणाऱ्या काही हालचाली गंभीर आजाराची पहिली खूण असतात. "होईल आपोआप बरं" हे वाक्य कधी बरोबर असते आणि कधी घातक, हे ओळखता येणे पालकांसाठी महत्त्वाचे आहे.

तात्पुरते विकार म्हणजे काय?

जन्माच्या वेळी बाळाचा मेंदू पूर्ण तयार झालेला नसतो. मज्जातंतूंवर मायलिन नावाचे वेष्टन चढण्याचे काम पहिली काही वर्षे चालू असते. हातापायांच्या हालचालींना आवर घालणारे मेंदूचे वरचे भाग हळूहळू कामाला लागतात. तोपर्यंत काही हालचाली लगाम सुटल्यासारख्या होतात. हात थरथरतात, अंग दचकते, मान एका बाजूला वळते, डोळे वर जातात. मेंदू पक्का होत गेला की त्या थांबतात. अशा हालचालींना तात्पुरते किंवा सौम्य विकार म्हटले जाते.

फिट म्हणजे वेगळी गोष्ट. फिटमध्ये मेंदूतील पेशी एकाच वेळी अनियंत्रित विद्युत संदेश सोडतात. ईईजी या तपासणीत बहुतेकदा ते दिसते. तात्पुरत्या विकारांत ईईजी सहसा अगदी स्वच्छ येतो.

पहिल्या दिवसांतील थरथर

जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत अनेक बाळांची हनुवटी किंवा हातपाय थरथरतात. रडताना, लंगोट बदलताना, मोठा आवाज झाल्यावर ही थरथर जास्त दिसते. तिची ओळख सोपी आहे. थरथरणारा हात हलकेच धरला किंवा दुमडला की ती थांबते. बाळाची नजर नेहमीसारखी असते, ते दूध नीट पिते आणि त्याचा रंग बदलत नाही.

तरीही नवजात बाळाची थरथर डॉक्टरांना एकदा दाखवावी. रक्तातील साखर किंवा कॅल्शियम कमी झाल्यानेही बाळ थरथरते. आईला मधुमेह असेल, बाळ वजनाने कमी असेल किंवा दिवस भरण्याआधी जन्मले असेल, तर ही शक्यता वाढते. साध्या रक्ततपासणीत ते कळते आणि त्यावर लगेच उपचार होतात.

फक्त झोपेत येणारे झटके

सुरुवातीला वर्णन केलेल्या झटक्यांना वैद्यकीय भाषेत 'बिनाइन निओनेटल स्लीप मायोक्लोनस' म्हणतात. कूल्टर आणि ॲलन या डॉक्टरांनी १९८२ साली त्याचे वर्णन केले. हे झटके जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत सुरू होतात आणि बहुतेक बाळांमध्ये तीन ते सहा महिन्यांच्या आत जातात.

यातली सर्वांत महत्त्वाची खूण म्हणजे झटके केवळ झोपेत येतात आणि बाळ जागे होताच थांबतात. हात धरून ते थांबत नाहीत, कधीकधी वाढतातही. बाळाला झोपेत लयीत हलवले, म्हणजे पाळण्याला किंवा झोळीला झोके दिले, तरी ते सुरू होऊ शकतात. त्यामुळे झोके देऊन झोपवले जाणाऱ्या बाळांत ते नेमके घरच्यांच्या डोळ्यांसमोर येतात.

या झटक्यांना फिट समजून फिटची औषधे सुरू केल्यास उपयोग होत नाही. काही औषधांनी तर झटके वाढल्याची नोंद आहे. म्हणूनच औषध सुरू होण्यापूर्वी "झटके जागेपणी येतात का?" या प्रश्नाचे उत्तर मिळायला हवे.

अंगावर शहारे आणि जागेपणीचे दचके

काही बाळांना सहा महिन्यांच्या आसपास किंवा त्यानंतर शहारे येऊ लागतात. पाठीवर गार पाणी पडावे तसे डोके, खांदे आणि हात क्षणभर थरथरतात. जेवताना, आनंद झाल्यावर, चिडल्यावर ते जास्त येतात. दिवसातून कितीतरी वेळा येऊ शकतात, पण दर वेळी काही सेकंदच टिकतात. बाळ शुद्धीवर असते आणि लगेच पुन्हा खेळू लागते. मूल मोठे होते तसे हे शहारे कमी होत जातात.

याला जवळचा आणखी एक प्रकार लोम्ब्रोसो आणि फेहेरमान या डॉक्टरांनी १९७७ साली नोंदवला. यात बाळ जागे असताना त्याची मान किंवा हात एकापाठोपाठ एक झटके देतात. ईईजी स्वच्छ येतो, वाढ नीट होते आणि साधारण दोन वर्षांच्या आत झटके थांबतात. मात्र दिसायला ते एका गंभीर आजारासारखेच असतात. त्या आजाराची माहिती पुढे दिली आहे. या दोहोंतला फरक घरी करता येत नाही, त्यासाठी ईईजी लागतो.

मान वाकडी होणे, डोळे वर जाणे

काल हसतखेळत असलेले बाळ सकाळी उठते तेव्हा त्याची मान एका बाजूला कललेली असते. सरळ करायला गेले की रडते. कधी सोबत उलट्या होतात, चेहरा फिका पडतो. काही मिनिटांनी, काही तासांनी किंवा दोन-चार दिवसांनी मान आपोआप सरळ होते. पुढच्या महिन्यात पुन्हा तसेच, कधी दुसऱ्या बाजूला. या प्रकाराचे वर्णन स्नायडर यांनी १९६९ साली केले. तो पहिल्या वर्षात सुरू होतो आणि साधारण तीन ते पाच वर्षांपर्यंत जातो. अशा मुलांच्या घरात अर्धशिशीचा त्रास असलेले कोणीतरी अनेकदा सापडते. काही मुलांना पुढे स्वतःलाही अर्धशिशी होते.

दुसऱ्या एका प्रकारात बाळाचे डोळे थोडा वेळ वर जातात आणि समोर बघण्यासाठी ते हनुवटी छातीकडे नेते. ऑव्हरियर आणि बिल्सन यांनी १९८८ साली याची नोंद केली. ताप आला किंवा थकवा आला की तो वाढतो आणि झोपेनंतर कमी होतो. बहुतेक मुलांत तो काही वर्षांत जातो, पण काहींना पुढे बोलण्यात, चालण्यात किंवा शिकण्यात अडचण येऊ शकते. त्यामुळे डॉक्टरांकडे अधूनमधून दाखवत राहावे लागते.

बाळ मान डोलावते, त्याचे डोळे बारीक थरथरतात आणि मानही कलते, असे तिन्ही एकत्र दिसले तर त्याला 'स्पाझमस न्यूटान्स' म्हणतात. हा प्रकारही सहसा आपोआप जातो. पण डोळ्यांच्या नसेवरील गाठ अगदी याच खुणा दाखवू शकते. म्हणून इथे वाट बघायची नसते. नेत्रतज्ज्ञांची तपासणी आणि एमआरआय आधी, धीर देणे नंतर.

दूध पाजल्यानंतर बाळ पाठ धनुष्यासारखी ताणते आणि मान वळवते, असे पुन्हा पुन्हा होत असेल तर त्याचे मूळ पोटात असू शकते. जठरातले आम्ल अन्ननलिकेत वर आल्याने होणाऱ्या या त्रासाला 'सँडिफर सिंड्रोम' म्हणतात. आम्लाचा त्रास कमी झाला की ताणणेही थांबते.

उलटीच्या औषधानंतरची वाकडी मान

मुलाला उलट्या झाल्या, दुकानातून औषध आणून दिले आणि काही तासांत त्याची मान वळली, डोळे वर गेले, जीभ बाहेर आली, जबडा आखडला. घरच्यांना वाटते फिट आली किंवा बाहेरचे काही लागले. मूल मात्र पूर्ण शुद्धीत असते. मेटोक्लोप्रमाइडसारख्या उलटीच्या औषधांचा हा ओळखीचा दुष्परिणाम आहे आणि मुलांमध्ये तो मोठ्या माणसांपेक्षा जास्त दिसतो.

हा विकार पूर्णपणे तात्पुरता असतो. रुग्णालयात योग्य औषध दिल्यावर तो अनेकदा थोड्याच वेळात उतरतो. पण डॉक्टरांना कारण कळले तरच. त्यामुळे दिलेल्या औषधाची बाटली किंवा पाकीट सोबत न्यावे. तेच औषध त्या मुलाला पुन्हा देऊ नये आणि पुढे कोणत्याही डॉक्टरांकडे गेल्यावर ही गोष्ट आवर्जून सांगावी.

डोके आपटणे, झुलणे आणि डोळे मिचकावणे

झोपताना उशीवर डोके आपटणे, बसल्या जागी पुढेमागे झुलणे, आनंद झाला की हात फडफडवणे या हालचाली अनेक निरोगी मुलांत दिसतात. पहिल्या वर्षात सुरू होणारे डोके आपटणे आणि झुलणे बहुतेकदा तीन ते पाच वर्षांपर्यंत थांबते. मूल हाक मारल्यावर बघत असेल, बोट दाखवून वस्तू मागत असेल, वयाप्रमाणे बोलत असेल, तर काळजीचे कारण सहसा नसते. या गोष्टी होत नसतील तर वाढीची तपासणी करून घ्यावी.

शाळेत जाऊ लागलेली मुले कधीकधी सारखे डोळे मिचकावतात, नाक ओढतात, खांदे उडवतात किंवा घसा खाकरतात. यांना 'टिक' म्हणतात. वर्षभराच्या आत त्या गेल्या तर तात्पुरत्या मानल्या जातात आणि बहुतेक मुलांत तसेच होते. मूल त्या मुद्दाम करत नाही. "पुन्हा डोळे मिचकावलेस तर बघ" असे दटावल्याने ताण वाढतो आणि टिकही वाढतात. दुर्लक्ष करणे हाच इथे पहिला उपचार आहे.

थरथर जाते, कमतरता राहते: बी-१२ची गोष्ट

तात्पुरत्या विकारांच्या यादीत एक विकार असा आहे की ज्याची नोंद प्रामुख्याने भारतात झाली. त्याला 'इन्फंटाइल ट्रेमर सिंड्रोम' म्हणतात. भारतीय वैद्यकीय नियतकालिकांत त्याचे वर्णन १९५७ सालापासून आढळते.

हे बाळ साधारण सहा महिने ते दीड वर्षाचे असते. अंगावरच्या दुधावर वाढलेले, वरचे अन्न जवळजवळ सुरूच न केलेले. दिसायला गुबगुबीत, पण चेहरा फिका. केस विरळ आणि तांबूस. बोटांच्या पेरांवर, विशेषतः मागच्या बाजूने, त्वचा काळवंडलेली. पूर्वी हसणारे, बसणारे बाळ हळूहळू हसेनासे होते, बसेनासे होते, शांत पडून राहते. "फार गुणी बाळ आहे, अजिबात त्रास देत नाही," असे कौतुकही होते. मग एक दिवस डोके, जीभ आणि हातपाय थरथरू लागतात. ही थरथर झोपेत थांबते.

यामागे सर्वांत जास्त वेळा सापडणारे कारण म्हणजे बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता. हे जीवनसत्त्व वनस्पतीजन्य अन्नात नसते. ते दूध, दही, अंडी, मासे, मांस यांतून मिळते. आईच्या शरीरातच ते कमी असेल तर तिच्या दुधातही कमी उतरते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील डॉक्टरांनी १९६२ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात अशा भारतीय बाळांचे वर्णन करून आईच्या कमतरतेशी असलेला हा धागा दाखवला होता.

महाराष्ट्रात हा प्रश्न लांबचा नाही. पुण्याजवळच्या सहा गावांतील गर्भवती स्त्रियांवर केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी दीर्घकाळ संशोधन केले आहे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत सुमारे दोन-तृतीयांश मातांमध्ये बी-१२ कमी आढळले. घरात दूध असले तरी ते आधी चहाला, मग मुलांना आणि पुरुषांना आणि उरले तर बाईला, ही वाटणी अनेक घरांत आजही बदललेली नाही.

उपचारात बी-१२ आणि चौरस आहार दिला जातो. काही दिवसांत बाळ हसू लागते, दूध मागू लागते. थरथर काही आठवड्यांत जाते. काही बाळांत ती उपचार सुरू झाल्यावर पहिल्यांदा दिसते, म्हणून घाबरून औषध बंद करू नये. पण इथे 'तात्पुरती' आहे ती फक्त थरथर. वाढत्या मेंदूला बी-१२ मिळाले नाही तो काळ जितका लांबतो, तितका मागे पडलेला विकास भरून येणे अवघड होते. थरथर आपोआप गेली म्हणून बाळ बरे झाले असे समजणे ही इथली सर्वांत महागडी चूक ठरते.

हे टाळता येते. शाकाहारी गर्भवती आणि स्तनदा मातांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने बी-१२ तपासून घ्यावे आणि गरजेप्रमाणे घ्यावे. बाळाला सहा महिने पूर्ण होताच अंगावरच्या दुधासोबत मऊ वरण-भात, नाचणीची खीर, दही आणि घरात चालत असेल तर अंडे सुरू करावे. केवळ लोहाच्या टॉनिकने ही उणीव भरत नाही.

सलाम करणारे बाळ: जे थांबून पाहायचे नसते

१८४१ साली विल्यम जेम्स वेस्ट या इंग्रज डॉक्टराने 'लॅन्सेट'ला एक पत्र लिहिले. रुग्ण होता त्याचाच लहान मुलगा. बाळाचे डोके अचानक पुढे झुकायचे, पुन्हा वर यायचे, पुन्हा झुकायचे, असे कितीतरी वेळा. वाकून सलाम करावा तशी ती हालचाल असल्याने या झटक्यांना 'सलाम' हे नाव मिळाले. आज हा आजार 'वेस्ट सिंड्रोम' या नावाने ओळखला जातो.

तो बहुतेकदा तीन महिने ते एक वर्ष या वयात सुरू होतो. बाळ झोपेतून उठल्यावर किंवा झोपेला आल्यावर हातपाय आणि मान एकदम आकसतात, एक-दोन सेकंदांत सैल होतात आणि काही सेकंदांनी पुन्हा तेच. असे झटके एका माळेत येतात. बाळ मध्येच रडते. पोटात मुरडा आला, दचकले, दात येत आहेत अशी समजूत होते आणि आठवडे निघून जातात. त्याच काळात बाळ आईकडे बघून हसणे, मान धरणे विसरू लागते.

इथे प्रत्येक आठवडा मोलाचा असतो. ईईजी करून निदान होते. एसीटीएच, स्टिरॉइड किंवा व्हिगाबॅट्रिन ही औषधे लवकर सुरू झाली तर बाळाच्या विकासाला चांगली संधी मिळते. म्हणून माळेने येणारे झटके दिसले तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे जावे.

फरक ओळखण्याच्या खुणा

सहसा काळजीचे कारण नसते, जर:
- झटके केवळ झोपेत येतात आणि जागे केल्यावर लगेच थांबतात
- थरथर हात धरल्यावर थांबते
- हालचालीच्या वेळी बाळ शुद्धीत असते, बघते, ओळखते
- नंतर बाळ सुस्त न होता नेहमीसारखे खेळते
- वजन आणि विकास वयाप्रमाणे आहे

तातडीने डॉक्टरांकडे न्यावे, जर:
- झटके माळेने येत असतील, विशेषतः झोपेतून उठल्यावर
- बाळ निळे पडते, श्वास अडखळतो किंवा नजर एका बाजूला खिळते
- झटका शरीराच्या एकाच बाजूला येतो आणि धरूनही थांबत नाही
- नंतर बाळ सुस्त पडते किंवा एखादा हात-पाय हलवत नाही
- ताप, सतत उलट्या किंवा टाळू फुगलेली आहे
- बाळ शिकलेल्या गोष्टी विसरू लागले आहे

मोबाइलचा खरा उपयोग

डॉक्टरांसमोर बाळ हमखास शांत असते. म्हणून हालचाल सुरू झाली की घरातल्या एकाने बाळाकडे बघावे आणि दुसऱ्याने व्हिडिओ घ्यावा. पांघरूण बाजूला करावे, चेहरा आणि हातपाय दोन्ही दिसू द्यावेत. एकदा हात धरून बघावा, एकदा नावाने हाक मारावी, म्हणजे प्रतिसादही नोंदला जातो. वेळ, बाळ झोपेत होते की जागे आणि आधी दूध पाजले होते का, हे लिहून ठेवावे. एक मिनिटाचा असा व्हिडिओ अनेकदा निदानाची दिशा ठरवतो. तो डॉक्टरांना दाखवावा. समूहांवर टाकून अनोळखी लोकांकडून निदान आणि औषध घेऊ नये.

फिट आलीच तर

बाळाला कुशीवर झोपवावे. तोंडात चमचा, बोट, पाणी, औषध काहीही घालू नये. कांदा किंवा चप्पल हुंगवल्याने फिट थांबत नाही, त्यात फक्त वेळ जातो. हातपाय दाबून धरू नयेत. घड्याळ बघावे. पहिल्यांदाच फिट आली असेल, ती पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली किंवा श्वास नीट नसेल तर १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी.

खर्चाच्या भीतीने थांबण्याचीही गरज नाही. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा मोफत तपासणी होते. विकासात मागे असलेल्या मुलांना पुढील उपचारांसाठी जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले जाते. आशा किंवा अंगणवाडी सेविकेला सांगितले तरी तिथपर्यंत पोहोचता येते.

पाळण्यातले दचके बहुतेक घरांत काही महिन्यांनी विसरले जातात. ते तसेच विसरले जावेत. फक्त त्याआधी कोणीतरी दोन गोष्टी नीट पाहिलेल्या असाव्यात: झटका कधी येतो आणि तो गेल्यावर बाळ आपल्याकडे बघून पूर्वीसारखेच हसते का.